बासन

विक्रोळीला पार्कसाइटच्या चढावर आमचा गाळा.
खाली पत्रा कापायचं यंत्र चालतं,
वर आम्ही वाफ मोजतो.
म्हणजे वाफेचे आकडे.
बॉयलर मी आजवर दोनदाच पाहिलाय.

रेडीजसाहेबांनी एक्क्याण्णव साली सी भाषेत
सतरा फंक्शनं लिहून ठेवली.
दाब द्या, तापमान घ्या.
दहा बार? एकशे एकोणऐंशी पूर्णांक नऊ.
ती हिशेब करत नाहीत, तक्त्यात बघतात.
दोन ओळींच्या मधलं काही विचारलंत
तर सुतळी ताणून सांगतात, साधारण इथे.

मशीद बंदरला सुपारीच्या पेढीवर माझे वडील असेच.
पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी.
पाच औट साडेसतरा.
गुणाकार कुठे होता त्यात?
खण ओढायचा, आकडा बाहेर.

मला सांगितलं: ही फंक्शनं क्लासमध्ये घाल,
नव्या मुलांना पॉइंटर दिसता कामा नये.
घातली.
कन्स्ट्रक्टरात तक्ता उघडायचा, जाताना मिटायचा,
मागून घेतलेली मेमरी मोजून परत.
तक्त्याबाहेरचं विचारलं की रेडीजांचं फंक्शन
गुपचूप वजा एक देतं,
जुनी माणसं तोंडाने नाही म्हणत नाहीत,
पानाचा डबा पुढे करतात, तसं.
मी त्या वजा एकला
स्पष्ट शब्दांत ओरडायला शिकवलं.

तिसऱ्या दिवशी डाबरेच्या मशीनवर सगळं कोसळलं.
ना निरोप, ना ओळीचा नंबर.
"मी काहीच केलं नाही, मॅडम,"
वसईचा पोरगा, कान लाल.
खरंच त्याने काही केलं नव्हतं.
माझा ऑब्जेक्ट आता कुणाला लागत नाही असं समजून
कचरा वेचणाऱ्याने उचलला,
आणि तेव्हा तळाशी, सीच्या घरात,
एक फंक्शन त्याच तक्त्यावर बोट ठेवून
दोनशे बाराव्या ओळीशी आलं होतं.
बोटाखालून पान गेलं.

उपाय एका ओळीचा.
ती ओळ करत काहीच नाही.
नुसतं म्हणते: थांब, हा अजून लागतोय.

पण दोनशे बारावी ओळ बघून बसले.
छापील पुस्तकाशी जुळेना.
कळव्याला फोन लावला.
रेडीजसाहेब आधी खोकले, मग म्हणाले,
"ती ओळ माझी नव्हे, गव्हाण्यांची.
माहुलच्या प्लांटवर फोरमन. तीन रात्री जागले,
म्हणाले, पुस्तक चुकतंय."
चुकत होतं?
"छे. त्यांचा गेज चुकत होता.
पण प्लांट चालायचा त्या गेजवर, पुस्तकावर नाही.
मी आकडा बदलला. महिन्याभरात
वाल्व उगाच उडायचा थांबला."
आणि आता?
"आता कुठला प्लांट! भंगारात गेला, गेजसकट.
तू गुंडाळतेयस ना सगळं? गुंडाळ.
फक्त बासनात टाकू नकोस."
फोन ठेवताना बाईंचा आवाज: दूध उतू गेलं.

ओळ दुरुस्त केली, पुस्तकाप्रमाणे.
उद्या दुसऱ्या कुणाच्या बॉयलरवर
गव्हाण्यांचा गेज चालायचा नाही.
मग जेवायच्या सुट्टीत, कुणी सांगितलं नसताना,
त्याच क्लासपासून एक धाकटा क्लास काढला.
सगळं थोरल्याचं,
एक ओळ तेवढी स्वतःची.
नाव माहुल.

डाबरेने विचारलं, हा कोण वापरणार?
खाली पत्र्याचं यंत्र सुरू झालं होतं.
ऐकू आलं नाही असं दाखवून
मी डबा उघडला.